वेढणे, आटवणे आणि ‘एन्कॅप्सुलेट’ : मालवण किनाऱ्याच्या शब्दसंपत्तीच्या आधारे एक विवेचन

इंग्रजी ग्रंथांचे मराठी भाषांतर करणाऱ्यास ज्या शब्दांपाशी हटकून थांबावे लागते, त्यांत ‘एन्कॅप्सुलेट’ या क्रियापदाची गणना केली पाहिजे. शब्द दुर्बोध आहे असे नव्हे. कोश उघडला की त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेले आढळतात. एखादी वस्तू आवरणात बंद करणे, हा पहिला. एखादा विस्तृत विषय त्याचे मर्म राखून थोडक्यात मांडणे, हा दुसरा. या दोन अर्थांचा परस्परांशी संबंध काय, हे मात्र कोश सांगत नाही. आणि भाषांतरकार, विशेषतः घाईत असला म्हणजे, दोहोंपैकी जो अर्थ प्रथम हाती लागेल तो उचलतो. औषधाची पूड जिलेटिनच्या वेष्टनात भरली जाते तेव्हा त्या पुडीचा एक कणही कमी होत नाही. उलट, एखाद्या वाक्यात सबंध कालखंड उभा राहतो तेव्हा त्या कालखंडातील बहुतेक तपशील गळून गेलेला असतो. पहिल्या क्रियेत सर्व काही राखले जाते, दुसऱ्या क्रियेत पुष्कळसे टाकले जाते. या दोन क्रियांना इंग्रजीने एकच क्रियापद का द्यावे आणि मराठीने ते द्यावे काय, हा या विवेचनाचा विषय आहे.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘काप्सा’ म्हणजे पेटी. विशेषतः गुंडाळीच्या रूपातील ग्रंथ ठेवण्याची उभट पेटी. धरणे, घेणे या अर्थाच्या ‘कापेरे’ या धातूपासून हे नाम सिद्ध झाले. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘काप्सुला’, म्हणजे पेटिका. आणि त्यावरून इंग्रजीतील ‘कॅप्सूल’. (आपण नित्य वापरतो तो ‘कॅश’ हा शब्दही याच काप्साचा, फ्रेंच भाषेच्या वाटेने आलेला, दूरचा वंशज होय : पेटीचे नाव पेटीतल्या पैशाला मिळाले.) प्रारंभी शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांत या नामाचा वापर होता. १८३४ मध्ये पॅरिस येथे मोथ आणि द्युब्लाँ यांनी जिलेटिनच्या औषधी कॅप्सूलचे पेटंट घेतले आणि नाम घरोघरी पोहोचले. क्रियापद त्याच एकोणिसाव्या शतकातले आहे. त्याचा अर्थही तेव्हा निखळ होता : आवरणात बंद करणे. संक्षेपाचा त्यात मागमूस नव्हता.

लाक्षणिक वापराचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३९ चे आहे, आणि ते फार उद्बोधक आहे. तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांनी त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात इतिहासज्ञानाचे स्वरूप सांगताना या शब्दाचा उपयोग केला आहे. इतिहासकार गतकाळातील विचार आपल्या मनात पुन्हा जागवतो. परंतु तो विचार वर्तमान विचारांच्या वेढ्यात राहतो आणि हे वर्तमान विचार त्याला आपल्या पातळीवर येऊ देत नाहीत, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे येथेही विचार आटलेला नाही. तो पुरताच आहे, पण वेगळा राखलेला आहे. ‘थोडक्यात सांगणे’ हा आज सर्वत्र बोकाळलेला अर्थ या मूळच्या ‘वेगळे राखणे’ या अर्थावर मागाहून चढला. कुपी लहान असते, तेव्हा तिच्यात मावणारी वस्तूही लहान झाली असली पाहिजे, अशा काहीशा अनुमानाने ही अर्थवृद्धी झाली असावी.

नामाच्या बाबतीत मराठीची मुळीच अडचण झालेली नाही, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. वनस्पतिशास्त्राच्या लेखकांनी कॅप्सूलला ‘बोंड’ हा कापसाच्या आणि अफूच्या शेतातला शब्द दिला; तो इतका चपखल आहे की भेंडीचे फळ हेही शास्त्रतः बोंडच आहे हे सांगताना कोणास संकोच वाटू नये. अवकाशयानाच्या कॅप्सूलला वृत्तपत्रांनी ‘अवकाशकुपी’ म्हटले. भावी पिढ्यांसाठी भूमीत पुरून ठेवलेल्या पात्राला ‘कालकुपी’ म्हटले. १९७३ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात पुरलेले आणि १९७७ मध्ये पुन्हा उकरून काढलेले काल-पात्र याच जातीचे. संस्कृतात कूप म्हणजे विहीर, कूपी म्हणजे लहान विहीर आणि त्यावरून बाटली. लॅटिनमध्ये पेटीवरून पेटिका, तर येथे विहिरीवरून कुपी : दोन्हीकडे लघुत्वाचीच वाट चोखाळली गेली आहे. औषधाच्या दुकानात मात्र ‘कॅप्सूल’च चालते आणि ते चालू द्यावे. ज्या शब्दाने रुग्ण औषध मागतो, तो बदलण्यात कोणाचेच हित नाही.

अडचण आहे ती क्रियापदाची. आणि तिचा उलगडा करावयाचा तर ज्या प्रदेशात वेढण्याच्या आणि आटवण्याच्या क्रिया अद्याप रोजच्या उपजीविकेचा भाग आहेत, तेथील शब्दांकडे वळणे हितावह ठरते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा किनारा हा असा प्रदेश आहे. येथील बोलीची नोंद ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात ‘कुडाळी’ या नावाने आढळते. आज ती मालवणी म्हणून सर्वपरिचित आहे. खाली घेतलेले शब्द काही या बोलीचे खास, तर काही सर्व मराठीचे आहेत. महत्त्व आहे ते, या किनाऱ्यावर ते ज्या वस्तूंना चिकटून आहेत त्या वस्तूंचे.

प्रथम वेढण्याचे कुल पाहू. संस्कृत ‘वेष्ट्’ धातूचे प्राकृतात ‘वेढ’ झाले आणि मराठीत वेढणे, वेढा ही रूपे आली. या धातूचा अर्थ नीट पारखला तर त्यात बाजूंनी घेरणे आहे. वरून किंवा खालून बंद करणे नाही. जांभा दगडाचे चिरे किंवा गोटे चुन्यावाचून एकावर एक रचून घातलेला गडगा आगराला असाच वेढतो. काट्याकुट्यांची वई परसाला अशीच वेढते. आत काय आहे त्यात गडगा काहीही फरक करीत नाही. माड तितकेच राहतात, पोफळी तितक्याच राहतात. फक्त आत आणि बाहेर असा भेद उत्पन्न होतो.

‘कोंडणे’ याची गोष्ट निराळी. येथे भर घेरण्यावर नसून वाट अडविण्यावर आहे, आणि जो कोंडला जातो त्याची बाहेर पडण्याची इच्छा गृहीत आहे. मोकाट गुरे कोंडवाड्यात जातात, श्वास कोंडतो, धूर कोंडतो. म्हणून ‘या ओळीत कवीने सारा अर्थ कोंडला आहे’ असे भाषांतर कोणी केले तर मराठी वाचकास स्तुतीऐवजी तक्रार ऐकू येईल. ‘गुंडाळणे’ याहून धोक्याचे. वस्तू गुंडाळली तर ती सुरक्षित राहते. पण चर्चा गुंडाळली की ती संपते, आणि माणूस गुंडाळला गेला की तो फसतो. मूळ क्रिया साधी असूनही लक्षणेत शब्दाने भलतेच वळण घेतले आहे. ज्याच्यावर भाषांतराचा भार टाकावयाचा, त्या शब्दाचे हे दुसरे आयुष्य आधी तपासून घेतले पाहिजे.

वेढ्याचे सर्वांत बोलके उदाहरण समुद्रात सापडते. रापणीचे जाळे होडीत घेऊन एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती ठेवतात. होडी अर्धवर्तुळाकार फिरून जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्यास आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसे ओढू लागतात. या वेढ्याची एक बाजू म्हणजे खुद्द किनारा आणि तळ म्हणजे समुद्राचा तळ. किनाऱ्यावाचून रापण नाही. हळूहळू वर्तुळ लहान होते, तेच मासे कमी पाण्यात येतात आणि दाटतात. अखेर वाळूवर येते ती चमचमणारी रास, आणि तिचे वाटे होतात. वेढणे आणि दाटणे या दोन क्रिया येथे एकाच ओढीने होतात, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

याच्या शेजारी ‘पर्ससीन’ हा इंग्रजी शब्द आज त्याच किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी आहे. पर्स म्हणजे बटवा. हे जाळे माशांच्या थव्याभोवती टाकले जाते आणि खालच्या कडेच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढली की बटव्याच्या तोंडासारखा जाळ्याचा तळ मिटतो. त्याला किनारा लागत नाही आणि समुद्राचा तळही लागत नाही; वेढा स्वतःच पूर्ण होतो. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यामधील या जाळ्यावरून झालेला संघर्ष सर्वश्रुत आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये या जातीच्या जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि सागरी मासेमारीच्या १९८१ च्या अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. भाषेच्या अभ्यासकास येथे एक सूक्ष्म पण परिणामकारक भेद दिसतो. नुसते ‘वेढून मासे धरणे’ असे वर्णन केले तर त्यात रापण आणि पर्ससीन ही दोन्ही येतात, आणि ज्याच्या पोटासाठी नियम केला तोच त्याच्या कचाट्यात सापडावयाचा. ‘तळ मिटणे’ हा घटक वर्णनात आल्यावाचून दोन जाळी वेगळी होत नाहीत. वेढणे हे दोन मितींचे आहे. कॅप्सूल तीन मितींची आहे.

तीन मितींच्या बंदिस्तीसाठी मराठीजवळ ‘संपुट’ हा शब्द आहे. पुट म्हणजे खळगा, द्रोण, पोकळ घडी. अशा दोन पुटांची तोंडे जुळली की संपुट. खाडीच्या चिखलातील तिसऱ्यांचा शिंपला हे निसर्गाने केलेले संपुट होय. मंत्रपाठात एखाद्या श्लोकाच्या आधी आणि नंतर तोच मंत्र म्हणतात, त्यालाही ‘संपुटित पाठ’ अशीच संज्ञा आहे. श्लोकाचे एक अक्षरही तेथे कमी होत नाही. फक्त त्याला दोन बाजूंनी झाकण बसते. कॉलिंगवुड यांचा अर्थ मराठीत आणावयाचा तर या संज्ञेहून जवळची संज्ञा सापडणे कठीण.

आणि या अर्थाचे सर्वांत भव्य दृश्य रूप पाहावयाचे तर मालवणच्या बंदरातून समोर पाहावे. कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ करविला. सुमारे ३ किलोमीटर लांबीची त्याची तटबंदी खाऱ्या पाण्याने सर्व बाजूंनी वेढलेली आहे, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. (‘बाव’ हे संस्कृत ‘वापी’चे रूप. विहिरींना दिलेली ही नावे गोड्या पाण्याचे त्या ठिकाणी काय मोल होते ते सांगतात.) चहूकडे खारे पाणी असता मध्ये गोडे पाणी न मिसळता राहणे, हाच बंदिस्तीचा निखळ अर्थ. या पाण्याचे सार काढलेले नाही; ते केवळ राखलेले आहे.

आता दुसरे कुल. ‘आटणे’ हे अकर्मक आणि ‘आटवणे’ हे प्रयोजक, एवढाच फरक व्याकरणात दिसतो. परंतु व्यवहारात या दोन रूपांमध्ये हानी आणि लाभ यांचे अंतर आहे. चैत्र-वैशाखात बाव आटली तर घरावर संकट येते. चुलीवर दूध आटवले तर बासुंदी होते. आपोआप आटते तो तोटा, मुद्दाम आटवले तो नफा. धातू मात्र एकच. लक्षणेतही हेच चालते. ‘त्याची प्रतिभा आटली’ यात निंदा आहे, तर ‘आटीव गद्य’ यात प्रशंसा आहे. भाषांतरकाराने कोणते रूप निवडावे हे त्यामुळे आपोआप ठरते.

आटवणे अग्नीनेच होते असेही नाही. कोकमाचे पिकलेले फळ, म्हणजे रातांबा, फोडून त्याच्या सालींत मीठ घातले की काही दिवसांत मिठाने ओढून घेतलेला गडद लाल रस सुटतो, तो आगळ. येथे चूल नाही. साली रसात भिजवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. तयार होते ते आमसूल, मालवणीत सोल. बिया बाजूला पडतात, त्यांतून काढलेल्या स्निग्धांशाचे मुठीने वळलेले गोळे म्हणजे मुठेल. एका फळाचे तीन संक्षेप, आणि प्रत्येकात फळाचा वेगळा भाग राहिला आहे. फळ मात्र कोणत्याही एकात पूर्ण नाही. साराची कल्पना सर्वसाधारणपणे अशी असते, की वस्तूला एकच सार असते आणि कुशल लेखक ते काढतो. रातांब्याची साक्ष याच्या विरुद्ध आहे. कोणते सार निघेल हे काढणाराचा हेतू ठरवितो.

वेढणे आणि आटवणे या क्रिया एकामागून एक होतात तेव्हा काय घडते, हे याच जिल्ह्यात शिरोड्याच्या मिठागरांत पाहता येते. मे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे हे नाव सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाले. भरतीचे पाणी बांध घातलेल्या चौकोनांत घेऊन अडवितात, आणि नंतर ऊन व वारा पाणी नेतात. अडविल्यावाचून मीठ होत नाही हे खरे. पण नुसते अडविल्याने मीठ होत नाही, हेही तितकेच खरे. इंग्रजी क्रियापदाने यांपैकी पहिल्या पायरीचे नाव दुसरीलाही दिले आहे.

तेव्हा मराठीत या दोन अर्थांचा सांधा कोठेच नाही काय? आहे, आणि तो याच ‘पुट’ शब्दात आहे. आमसुलाला रसाची पुटे देतात असे म्हणतो तेव्हा पुट म्हणजे भिजवण्या-वाळवण्याचा एक फेरा. संपुटात पुट म्हणजे पोकळ आवरण. आयुर्वेदातील ‘पुटपाक’ या विधीत हे दोन अर्थ भेटतात : औषधी द्रव्य पानांत बांधावयाचे, त्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तो गोळा अग्नीत भाजावयाचा आणि मग आतील द्रव्य पिळून रस घ्यावयाचा. येथे आवरण आहे म्हणूनच अर्क मिळतो. आवरण नसते तर द्रव्य जळून गेले असते. आठव्या शतकातील भवभूतीने उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात रामाच्या शोकाला याच पुटपाकाची उपमा दिली आहे, कारण तो शोक गांभीर्यामुळे बाहेर फुटत नाही आणि म्हणूनच आत अधिक तीव्र होतो. बंदिस्ती हे दाटण्याचे कारण आहे, हा विचार भारतीय परंपरेस इतका जुना आहे. रापणीतही तेच घडते.

शास्त्ररचनेत या विचाराचा सर्वांत काटेकोर उपयोग पाणिनीने केला. चौदा माहेश्वर सूत्रांतील एखादा वर्ण आणि पुढील एखादे अंत्य चिन्ह यांची जोडी केली की ती मधल्या सर्व वर्णांची वाचक होते : ‘अच्’ म्हणताच सर्व स्वर, ‘हल्’ म्हणताच सर्व व्यंजने. दोन टोकांनी धरून मधले सर्व आत घेणे आणि त्याच कृतीने दोन अक्षरांत आणणे, अशी ही प्रत्याहाराची युक्ती आहे. वर्णमालेत एकही वर्ण यात गमावला जात नाही, कारण यादी जवळ ठेवलेली असते. यादी जवळ नसेल तर काय होते, त्याचे उदाहरण मराठीच्याच घरात आहे. केसोबासांनी श्रीचक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. ती वचने मूळच्या प्रसंगांतून सुटी झाली, आणि कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगण्यासाठी महानुभाव पंडितांना ‘प्रकरणवश’ हा स्वतंत्र रचनाप्रकार निर्माण करावा लागला. आटवलेले पुन्हा पातळ करण्याचे हे काम पुढच्या पिढ्यांवर पडते.

भाषांतराच्या व्यवहारासाठी यावरून जे निष्पन्न होते ते असे. संगणकशास्त्रात ‘एन्कॅप्सुलेशन’ म्हणजे माहिती आणि तिच्यावरील क्रिया एका घटकात ठेवून आतील रचना बाहेरच्यास न दिसेल अशी करणे. तेथे संक्षेपाचा लवलेश नाही, म्हणून ‘सार’, ‘संक्षेप’ या शब्दांना मज्जाव करून ‘संपुटन’ किंवा सरळ ‘बंदिस्ती’ म्हणावे. जाळ्यांवरील संदेशवहनात एक पुडके दुसऱ्यात घातले जाते, तेथेही तेच. शरीरशास्त्रात वृक्कावरील कॅप्सूलला ‘आवरण’ पुरते. ‘हे वाक्य त्या युगाला एन्कॅप्सुलेट करते’ अशा वाक्यात मात्र संपुटाचे नावही काढू नये. तेथे मराठीला वाक्याची घडणच बदलणे सोयीचे असते : वाक्याला कर्ता न करता अधिकरण करावे, आणि ‘या वाक्यात ते युग एकवटले आहे’ किंवा ‘सामावले आहे’ असे म्हणावे. या दोहोंतही भेद आहे. ‘सामावणे’ हे मोजणे या अर्थाच्या ‘मा’ धातूवरून आलेले आहे. त्यात पात्राची ऐसपैसता आहे, वस्तू लहान होत नाही. ‘एकवटणे’ यात विखुरलेले एका जागी येते. कवीच्या ओळीत जग सामावते. अहवालाच्या निष्कर्षात पुरावा एकवटतो. आणि जेथे लेखकाने जाणूनबुजून तपशील टाकला आहे, तेथे ‘आटवून सांगितले आहे’ असे म्हणण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. काही गेले आहे, याची सूचना त्या शब्दातच आहे.

एकच नवा शब्द घडवून इंग्रजी क्रियापदाच्या सर्व जागा त्याने भरण्याची सूचना परिभाषेच्या चर्चांत केली जाते. तसे केल्यास संपुट आणि सार यांतील जो भेद मराठी वाक्यात सहज दिसतो तो पुसला जाईल, आणि त्याच्या मोबदल्यात मिळेल ती केवळ एका परभाषेतील अपघाताची नक्कल. बोंडूचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. मालवणच्या डोंगरउतारावर काजूच्या ज्या फुगीर, रसाळ भागाला बोंडू म्हणतात, तो बोंडाशी ध्वनीने कितीही जवळ असला तरी आपल्या बीला आत घेत नाही. बी बाहेर, टोकाशी लोंबत असते. झाड पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलहून आले, ‘काजू’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आले. फुगीर भागाला मात्र किनाऱ्याने आपला शब्द दिला, आणि बी आत आहे की बाहेर याबद्दल तेथे कोणाचाही गोंधळ होत नाही.